पेटीतले पाच डोळे आणि सहावा

३ मार्च, सोमवार

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारीच आलं. उत्तराला चार दिवस लागले ते काही कामामुळे नव्हे. म्हाताऱ्या माणसाला काम कसलं? पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि मग टेबलाच्या खणात ठेवलं. आज काढलं.

आईला तू तुझ्याकडे नेलंस हे फार चांगलं केलंस. इथे ती कुणाचं ऐकत नाही. साठ-सत्तर पोरांना एका शिट्टीत पाण्याबाहेर काढणारी बाई, तिला कोण सांगणार की आता तू डॉक्टरांकडे चल? तू सांगितलंस आणि ती मुकाट गाडीत बसली. मी खिडकीतून बघत होतो. तू तिची पिशवी घेतलीस, दार उघडून धरलंस, आणि तिनं नेहमीसारखं "मला येतं हो उघडता" असं म्हटलं नाही. 

तू लहान असताना तुला टिटवी म्हणायला लागलो ते तुझ्या किरकिरीवरून. एक दिवस ही टिटवी मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बसून लोकांच्या डोळ्यांतल्या गाठींची जनुकं वाचेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर तुझ्या आईनं त्याला पाण्यात ढकललं असतं. परवा वाचनालयातल्या बाईंना मी सांगत होतो, आमची भाची डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या मेलॅनोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचा अभ्यास करते, दहा लाखांत एखाद्यालाच होतो तो. त्या म्हणाल्या, "मग एवढ्या कमी लोकांसाठी एवढा अभ्यास?" मी म्हटलं, "बाई, मी चाळीस वर्षं कृत्रिम डोळे बनवले. मलाही लोक हेच विचारायचे."

किती गंमत आहे बघ. एकाच घरात दोघं डोळ्यांच्या धंद्यात. मी गेलेल्या डोळ्याची जागा भरणारा आणि तू असलेला डोळा जाऊ नये म्हणून झटणारी. तुझं काम वरचढ, यात वाद नाही.

या निमित्तानं जुनं सगळं डोळ्यांपुढे येतंय. तुझी आई पाच वर्षांची होती. उजव्या डोळ्यात पू झाला, ताप चढला, आणि पंधरा दिवसांनी डोळा गेला. मी अकराचा होतो. पहिला डोळा बसवला तो परगावाहून आलेला, काचेचा, निळसर. आमच्या घरात कुणाचेच डोळे निळे नव्हते. शाळेत पोरं तिला "दुरंगी" म्हणायची. मी त्याच वर्षी ठरवलं की हिचा डोळा मी करीन. पुढे एका म्हाताऱ्या कारागिराकडे नऊ वर्षं राबलो ते एवढ्यासाठीच. तिला पहिला डोळा करून दिला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आरशात बघून म्हणाली, "दादा, आता मला कुणी निरखून बघितलं तरी चालेल."

आणि मला आठवतं ते तिचं कवितापाठाचं वेड. समुद्रप्रवासाची ती अकरा कडव्यांची कविता, चौथीच्या पुस्तकातली. मी तिला घरी न्यायला वर्गाच्या दाराशी उभा होतो; बाईंनी तीन कडवी म्हणायला सांगितली होती. हिची तीन झाली, बाई म्हणाल्या, "पुरे," ही चौथ्यावर. "पुरे गं," ही पाचव्यावर. एकच डोळा, तोही मिटलेला, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी गोळा झाली. अकरावं संपवूनच बसली. बाई ओरडल्या नाहीत. त्यांचा पदर डोळ्याला लागला होता. मला आज एवढ्या वर्षांनीही ती कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत येते आणि सातवं कडवं म्हणताना नेहमी तिचाच आवाज ऐकू येतो.

तू विचारलं आहेस की तिच्या डाव्या डोळ्यावरचा तो तपकिरी डाग कधीपासून आहे. डॉक्टरीणबाईंना ते हवं आहे आणि आईनं "दादाला विचारा, माझा डोळा त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक" असं सांगितलं. खरंच आहे. डाग लहानपणापासूनच असावा. तीळ असतो तसा. तसंच कळव त्यांना.

इथे सगळं ठीक. टाचेचं दुखणं जरा कमी आहे. आईला म्हणावं, पोहण्याच्या तलावावर नवीन शिक्षक आलाय, पोरं त्याचं काडीचं ऐकत नाहीत.

तुझा,
डोळेवाला मामा


१५ मार्च, शनिवार

चि. टिटवी,

आशीर्वाद.

आधी एक सांगतो. या पत्राबरोबरची पेटी उघडू नकोस. पत्र वाचून हो, मग उघड, आणि मग लगेच मला फोन कर. मी उचलीन. काल मीच तुला फोन केला होता आणि तुझा आवाज ऐकल्यावर दहा मिनिटं हवेबद्दल बोलत बसलो. तू म्हणालीस, "मामा, अजून काही?" मी म्हटलं, "छे, सहज केला." सहज नव्हता केला.

तुझं दुसरं पत्र मी अगदी चवीनं वाचलं, म्हणजे शेवटच्या परिच्छेदापर्यंत. किती छान समजावतेस गं तू. डोळ्याच्या आतला मेलॅनोमा आणि डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या पातळ पापुद्र्याचा मेलॅनोमा, नाव एक असलं तरी दोघांची घराणी वेगळी, आतल्याची जनुकं निराळीच बिघडलेली असतात आणि पृष्ठभागावरचा हा कातडीवरच्या मेलॅनोमाचा भाऊ शोभतो, हे मला पहिल्यांदाच कळलं. चाळीस वर्षं डोळ्यांत डोळे घालून बसलो आणि हे ठाऊक नव्हतं.

बीआरएएफ, एनआरएएस, एनएफ-वन ही जनुकांची नावं काही माझ्या डोक्यात राहीनात. म्हणून मी त्यांना शाळेत बसवलं. रागावू नकोस. तू लिहिलंस की पेशीला "वाढ" असा निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मग मी म्हटलं, एनआरएएस ही सूर देणारी मुलगी. बीआरएएफ ही कविता म्हणणारी. आणि एनएफ-वन म्हणजे "पुरे" म्हणणाऱ्या बाई. सूर देणारी अडकून बसली तरी कविता थांबत नाही. म्हणणारीच हट्टाला पेटली तरी थांबत नाही. आणि बाईच वर्गात नसल्या तर थांबवणार कोण? बहुतेक गाठींत या तिघींपैकी एकीचं काहीतरी बिनसलेलं असतं, असं तू म्हणतेस. आणि चौथं जनुक, जे बिघडलं की पेशी म्हातारीच होत नाही, ते म्हणजे शाळा सुटल्याची घंटा. ती वाजतच नाही. बरोबर ना? चुकलं असेल तर लाल शाईनं दुरुस्त कर. तुझी आई चौथीत अकरा कडवी म्हणत उभी आहे आणि कुणी तिला थांबवत नाही, असं चित्र माझ्या मनात आलं आणि मी पत्र खाली ठेवलं.

उन्हाबद्दलही लिहिलंस. उन्हाची बोटं उमटतात तसे ठरावीक जातीचे बदल या जनुकांत सापडतात, म्हणून ऊन हे एक कारण असावं. पण सगळ्यांत सापडत नाहीत, आणि एका माणसाकडे बोट दाखवून "हिला यामुळेच झालं" असं म्हणता येत नाही. तुमच्या शास्त्राचा हाच गुण मला आवडतो. जेवढं दिसतं तेवढंच बोलता. आम्ही घरातली माणसं मात्र एकतीस वर्षं तलावाच्या काठावर उभी असलेली तुझी आई आठवतो. वरून ऊन आणि पाण्यातून परत फेकलेलं ऊन. पाण्यात उतरताना ती मी केलेला डोळा काढून काठावरच्या डबीत ठेवायची आणि पोरांना सांगायची, "तो बघतोय हं." पोरं त्या डबीला घाबरायची. पोरांना टोप्या घाला म्हणून ओरडायची आणि स्वतः गळ्यात शिट्टी तेवढी घालायची. एका डोळ्यानं तिनं एवढी डोकी मोजली, एकही कधी कमी भरलं नाही. दोन डोळ्यांच्या माणसांना हे जमत नाही गं.

आता तुझा शेवटचा परिच्छेद. तू लिहिलंस, "मामा, तुझ्या उत्तराची फार मदत झाली. डाग जन्मापासूनचा म्हणजे तिळातून आलेला, असं धरून डॉक्टरांनी चोवीस तारखेला फक्त तेवढाच भाग काढायचं ठरवलंय. नंतर उमटलेल्या पसरट छटेतून आला असता तर बाकीचा डोळाही तपासावा लागला असता, कारण ती छटा कधी दिसते, कधी पुसट होते, आणि रंग दिसत नसला तरी वाईट पेशी तिथे असू शकतात."

टिटवे, डाग लहानपणापासूनचा नाही.

मी खोटं लिहिलं. "असावा" असं लिहिलं, म्हणजे खोटं बोलताना माणूस जशी पळवाट सोडून ठेवतो तशी. मला वाटलं नव्हतं की त्या एका शब्दावर कुणी सुरी धरणार आहे.

आता पेटी. तुला माझ्या धंद्यातली रीत ठाऊक आहे. नवा डोळा द्यायचा तर जुना परत घ्यायचा. माझ्या गुरूंची शिकवण. जुन्या डोळ्यावरून कळतं खोबण कशी बदलली, कुठे घासला, रंग कुठे उडाला. इतरांचे मी धंदा बंद करताना नष्ट केले. तुझ्या आईचे टाकवेनात. पेटीत पाच आहेत, कापसात. प्रत्येकाच्या मागे सुईनं वर्ष कोरलंय.

पेटीतला पहिला, ती चौतीस वर्षांची होती तेव्हाचा; त्याआधीचे घर बदलताना हरवले. पांढरा स्वच्छ आहे. भिंग लावून बघ. डाग नाही. म्हणजे डाव्या डोळ्यावरही नव्हता, कारण असता तर मी काढला असता.

दुसरा, पाच वर्षांनंतरचा. बाहेरच्या बाजूला, बुबुळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. मला आठवतं, मी किती खूश झालो होतो. दोन्ही डोळे जुळवायचे तर डाव्यावरचा ठिपका उजव्यावर हवाच. इतर कारागीर एवढं करत नाहीत. तुझ्या आईनं आरसा हातात घेतला आणि हसली, "दादा, तू तर माझा तीळही चोरलास."

तिसऱ्यात मोहरीएवढा. चौथ्यात त्याहून मोठा, आणि हा चौथा डॉक्टरीणबाईंना नीट दाखव. त्याच्या वरच्या भागात, जो पापणीखाली जातो, तिथे पातळ चहाच्या रंगाची छटा आहे. मोजमाप घेताना मी तिची पापणी वर केली होती तेव्हा डाव्या डोळ्यावर दिसली. तो भाग कुणाला दिसत नाही, रंगवायची गरजच नव्हती. मला दिसला, म्हणून रंगवला. पाचव्याच्या वेळी ती छटा डाव्या डोळ्यावरून नाहीशी झाली होती, म्हणून पाचव्यात नाही. मला वाटलं, गेली. बरं झालं, एक रंग कमी कालवायचा. तुझं पत्र वाचल्यावर कळतंय की ती गेली नसेल, दिसेनाशी झाली असेल.

एक मात्र लक्षात ठेव. मी हे सगळं आरशातल्यासारखं उलटं काढलंय, कारण तिचा कृत्रिम डोळा उजवा आणि खरा डावा. डॉक्टरांना सांग, उलटून बघायचं.

आणि सहावा पेटीत नाही. तो तुझ्या आईच्या चेहऱ्यावर आहे. पाच वर्षांपूर्वीचा. तो करताना डागाजवळ एक नवी लाल शीर आलेली दिसली, जाडसर, डागाकडे जाणारी. आम्ही शिरा लाल रेशमाचा एकेक तंतू सोडवून बसवतो. त्या शिरेला मी तीन दिवस घालवले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम आहे ते. आता तू लिहितेस की अशा डागाकडे जाणारी नवी शीर ही डॉक्टर लोक पहिल्यांदा शोधतात ती खूण.

म्हणजे बत्तीस वर्षं हा डाग माझ्यासमोर वाढत होता आणि मी त्याची नक्कल करत होतो. तारीख घालून. एकदाही मनात आलं नाही की हा का वाढतोय. खरं सांगू? आलं असेल. पण पुढचा विचार रंग कोणता कालवायचा हाच यायचा.

आईला हे तू सांगू नकोस. डॉक्टरांना सगळं सांग, आईला मी सांगीन, समोर बसून.

पेटी सांभाळून उघड. कापूस ओढू नकोस, उचल.

मामा


११ मे, रविवार

चि. टिटवीस,

खूप खूप आशीर्वाद, आणि त्याहून जास्त कौतुक.

तुझ्या आईला तू बसवून दिलंस ती गाडी तासभर उशिरा आली. मी फाटकाशी उभा होतो. उतरली, काळा चष्मा, डोक्यावर रुंद काठाची टोपी. मी म्हटलं, "ओळखूच आली नाहीस." म्हणाली, "टिटवीचा हुकूम आहे. टोपीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकलं तर जनुकं मोजीन म्हणते."

तुझं पत्र तिच्या पिशवीतच होतं. वाचलं. तुमच्या डॉक्टरीणबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. गाठीला चिमटाही न लावता, भोवतालचा निरोगी भाग धरून ती अलगद उचलायची, एक अवजार एकदा वापरलं की दुसरं घ्यायचं, कडा गोठवायच्या आणि उघड्या जागेवर बाळंतपणात पडणाऱ्या वारेचा पातळ पापुद्रा शिवायचा. हे वाचताना माझे हात मांडीवर आपोआप स्थिर झाले. गेली तीन वर्षं ते एकसारखे थरथरतात. कारागिराला कारागीर कळतो, मग समोरचा सुरीवाला असो की ब्रशवाला.

आणि चौथा डोळा. त्यांनी तो उलटून धरला, पापणी वर केली, आणि जिथे आज काहीच रंग नाही तिथून मोहरीएवढा तुकडा घेतला. त्यात वाईट पेशी निघाल्या. ते तू एका ओळीत लिहिलंस. त्या ओळीखाली मी बोट ठेवून किती वेळ बसलो होतो ते आता सांगत नाही. म्हणजे नुसता डाग काढून घरी पाठवली असती तर वरून ते पुन्हा उतरलं असतं. आता उरलेल्या वाईट पेशी मारायला ते औषधाचे थेंब घालायचे, आठवडाभर घालायचे, मग काही आठवडे डोळ्याला विश्रांती, मग पुन्हा. दृष्टी शाबूत आहे. गळ्याजवळच्या ग्रंथींत काही पसरलेलं सापडलं नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे जन्मभर. चालेल. जन्मभर हा शब्द मला आता फार आवडायला लागलाय.

जनुकांचा अहवालही कळला. म्हणणारीच हट्टाला पेटलेली, बीआरएएफ. वर उन्हाच्या बोटांचे ठसे. आईला मी शाळेची गोष्ट सांगितली तर म्हणते, "म्हणजे माझंच घेतलं तिनं. अकरा कडवी." आणि तू लिहिलंस की पुढे कधी गरज पडली तर नेमकं या हट्टी मुलीचं तोंड बंद करणारी औषधं आहेत, म्हणून हे वाचून ठेवणं महत्त्वाचं. न पडो. पण तू ते वाचून ठेवलंस.

आता जे तुला ठाऊक नाही ते लिहितो. कारण ते मी फक्त तुझ्या आईला सांगितलं, आणि तुझ्यापासून अर्धं लपवणं हे पुन्हा "असावा" लिहिण्यासारखं होईल.

मंगळवारी ती माझ्याकडे आली. माझ्या कामाच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी, तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. तू परत पाठवलेली पेटी मी टेबलावर उघडली. पाचही ओळीनं मांडले. तिनं सहावा काढला, पुसला आणि रांगेच्या शेवटी ठेवला. मग भिंग घेतलं आणि एकेक बघत गेली. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मला टिटवीनं काही सांगितलं नाही. पण डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्यात बघायच्या आणि मग पेटीत बघायच्या. मी आंधळी नाही रे अजून."

मी सगळं सांगितलं. पहिल्या पत्रातलं खोटंही. ती ऐकत होती. मग तिनं मला विचारलं, "आणि आठ वर्षांपूर्वीचं?"

तेच मी तुझ्यापासून दडवलं होतं. आठ वर्षांपूर्वी तलावावर एका मुलीची आई आली होती, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. तिनं तुझ्या आईला म्हटलं, हा डाग दाखवून घ्या. तुझ्या आईनं वेळही घेतली होती. पण जाण्याआधी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, डाग वाढतोय का रे?"

मी तिला काय सांगितलं? मी म्हटलं, "वाढला तरी मी जुळवतो. डोळ्यांचं खातं माझं, तू कशाला चार ठिकाणी फिरतेस?" आणि ती गेली नाही. कारण मी सांगितलं होतं. आयुष्यभर तिनं कुणाचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते माझं, तेही त्या दिवशी.

हे मी तिच्यासमोर बोललो. तिनं सहावा डोळा उचलला, ती शीर भिंगातून पाहिली.

"आठ वर्षं, दादा."

"हो."

"हा दिलास तेव्हा मी आरशात बघून तुला काय म्हटलं होतं?"

"हुबेहूब, म्हणालीस."

"मीही वेडीच. मला एवढंच हवं असायचं की कुणाला कळू नये कुठला खरा. तू जुळवत गेलास, मी मिरवत गेले." मग तिचा आवाज चढला, तलावावरचा. "पण तू मोठा होतास. मला वाटायचं, दादा एवढं बारीक बघतो, काही असतं तर बोलला असता."

मी खाली बघून बसलो. टेबलावरून सहा डोळे माझ्याकडे बघत होते आणि सातवा तिचा, लालसर, थेंबांनी चुरचुरणारा, तोच बघताना सगळ्यात कठीण वाटत होता.

थोड्या वेळानं तिनं चौथा उचलला. वरच्या छटेवर नख फिरवलं. "हे पापणीखालचं. कुणाला कधी दिसणार नव्हतं. हे कशाला रंगवलंस?"

"होतं, म्हणून."

"वेडा आहेस," ती म्हणाली. "पण तेवढं एक बरं केलंस." आणि डोळा कापसात ठेवून दिला. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. उठताना मात्र माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि दाराशी जाऊन थांबली.

"दादा, नवा लागणार मला. खऱ्यावरचा डाग गेला, हा डागाळलेला घालून कसं हिंडू?"

मी हात पुढे केले, थरथरणारे. "हे बघ. आता जमायचं नाही. शहरात चांगला माणूस आहे, मीच शिकवलेला."

"त्याच्याकडून ओतणं, घासणं, काय ते करून घे. रंग तू लावायचास. शीर वाकडी आली तर येऊ दे. माझ्या तरी आता कुठे सरळ राहिल्यात?" मग ती परत आत आली, माझ्यासमोर बसली, आणि चष्मा काढला. "आणि या वेळी काही दिसलं, तर रंगवायच्या आधी बोलायचं. शपथ."

मी शपथ घेतली. मग ती उगीचच समुद्रप्रवासाची कविता म्हणायला लागली, खिडकीकडे बघत. सातव्या कडव्याला अडली. मी पुढची ओळ दिली. तिसरंच कडवं संपलंय असं वाटावं अशा ताज्या आवाजात तिनं अकरावं संपवलं. मी "पुरे" म्हटलं नाही. ते म्हणायला तुझ्यासारखं शिकलेलं माणूस लागतं.

नव्या, सातव्या डोळ्याचं पांढरं शुक्रवारी येईल. मापं मी शिकवलेला तो घेऊन गेलाय. मी ब्रश काढून धुऊन ठेवलेत, रेशमाची लडी उन्हात धरून पाहिली, रंग विटला नाही. पण मी सुरुवात करणार नाही. तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तुझं भिंग घेऊन ये. आई उत्तरेच्या खिडकीशी बसेल. आधी तू तिच्या डाव्या डोळ्यात बघ, पापणी वर करून, खाली करून, जितका वेळ हवा तितका वेळ. तू "ठीक आहे" म्हणालीस की मग मी पहिला रंग कालवीन. तोवर बाटलीचं बूच उघडणार नाही.

डोळ्यांचं खातं आता तुझ्याकडे.

तुझी वाट बघणारा,
मामा